नावांच्या खाली दडलेला माळवा
(शताब्दी समारंभातील भाषण)



आज आपण तुकोगंजात जमलो आहोत. या नावात तुकोजीराव होळकर आहेत, मल्हारगंजात मल्हारराव आहेत. पंढरीनाथ हे नाव तर आपल्या पूर्वजांनी विठोबाबरोबरच येथे आणले. इंदूरचा मराठी माणूस शहराचा इतिहास सांगू लागला की बहुधा येथूनच आरंभ करतो. मीही वर्गात अनेक वर्षे तेच केले. परंतु होळकरांपूर्वी येथे कंपेलच्या जमीनदारांची वस्ती होती आणि याच शहरातील आझादनगरच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगाचे अवशेष मिळाले आहेत. आपण या भूमीवरचा सर्वांत वरचा, सर्वांत ताजा थर आहोत. खालच्या थरांची वाट दाखवणाऱ्या दोन खुणा सामान्य माणसाजवळ असतात : गावाचे नाव आणि लोककथा.

लहानपणी आजीबरोबर महेश्वरला गेलो असता तिने सहस्रधारा दाखवली. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नर्मदा अडवली, म्हणून ती हजार धारांनी वाहते, असे ती म्हणाली. पुढे महाविद्यालयात गेल्यावर मला या कथेचे हसू येई. ते हसू डॉ. हसमुख सांकलियांच्या कार्याची ओळख झाल्यावर ओसरले. महेश्वर म्हणजेच पुराणांतील माहिष्मती, या परंपरेचा माग घेत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक येथे आले. 1952-53 मध्ये आणि पुन्हा 1957 ते 1959 या काळात महेश्वर आणि पैलतीरावरील नावडाटोळी येथे उत्खनन झाले. नावडाटोळी म्हणजे नावाड्यांची वस्ती. तेथे सहस्रार्जुनाचा राजवाडा सापडला नाही. सापडली ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची कुडाची गोल आणि चौकोनी घरे, रंगीत नक्षीची मातीची भांडी, गहू, मसूर आणि मूग. कथेने राजा सांगितला, कुदळीने कुणबी दाखवला. कथा अक्षरशः खरी ठरली नाही. पण तिने बोट दाखवले ती जागा खरी निघाली.

नावाचेही तसेच आहे. उज्जैनजवळ छोट्या कालीसिंधच्या काठी कायथा हे गाव आहे. नुसत्या कानाने ऐकले तर कायस्थांची आठवण व्हावी. परंतु वराहमिहिराने उल्लेखिलेले कापित्थक ते हेच, असे विद्वानांचे मत आहे. कपित्थ म्हणजे आपल्या परसातले कवठ! डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर या आपल्या माळव्यातील मराठी संशोधकाने तेथील टेकाड हेरले आणि उत्खनन केले, तेव्हा वराहमिहिराच्याही सुमारे अडीच हजार वर्षे आधीची वस्ती उजेडात आली. आज पुरातत्त्वात ती ‘कायथा संस्कृती’ म्हणूनच ओळखली जाते. वाकणकरांनीच 1957 मध्ये भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली. भीमाची बैठक म्हणून लोकांनी त्या डोंगराला नाव दिले होते. त्या शैलाश्रयांतील चित्रे महाभारतातल्या भीमाची नव्हेत. परंतु ही जागा साधी नाही, एवढे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जाणले होते.

म्हणून नावावर आणि कथेवर आंधळा विश्वास नको, तसाच त्यांचा उपहासही नको. शब्दाने दिशा सांगावी आणि कुदळीने निवाडा करावा.

मित्रहो, मला चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. इंदूरभोवतीची शेते झपाट्याने वसाहतींत रूपांतरित होत आहेत. शेताला, ओढ्याला, बावडीला, टेकाडाला असलेली जुनी नावे सातबाराच्या किंवा खसऱ्याच्या क्रमांकांत मावत नाहीत. ती म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर असतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. टेकाड सपाट झाले तरी नाव उरले तर उद्याचा संशोधक तेथे थांबेल. नावही गेले तर तो कशाच्या आधारे थांबणार?

शंभर वर्षे या ग्रंथालयाने छापील शब्द सांभाळला. शताब्दीच्या निमित्ताने आपण न छापलेल्या शब्दासाठी एक कोरी वही येथे ठेवावी. प्रत्येक सभासदाने आपल्या परिसरातील एक जुने नाव, ते कोणी सांगितले आणि त्यामागची कथा कोणती, एवढे तीत लिहावे. मराठी, माळवी, निमाडी, भिली असा भेद करू नये. सहस्रधारेची आजीची कथा मी पहिल्या पानावर लिहीन, एवढे वचन देतो आणि आपली रजा घेतो.