मालेगांवचा न लागलेला तपास

नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघून चांदवड मागें टाकलें म्हणजे सुमारें शंभर किलोमीटरांवर मालेगांव लागतें. मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें हें शहर आपण ओळखतों तें त्याच्या यंत्रमागांच्या खडखडाटावरून. तोच रस्ता पुढें धुळ्यावरून राज्याची हद्द ओलांडतो आणि इंदूरला पोंचतो. हा भूगोल आरंभींच सांगण्याचें कारण असें, कीं आज ज्या दोन गुन्ह्यांविषयीं मीं बोलावयाचें ठरविलें आहे, त्यांचा तपास या रस्त्यानें परराज्यांत गेला, तेथून दिल्लीपर्यंत फिरला, आणि इतका फिरूनहि ज्या प्रश्नासाठीं तो निघाला होता त्याचें उत्तर घेऊन परत आला नाहीं. दोन स्फोटांत मिळून सदतीस माणसें मेलीं. त्यांना कोणीं मारलें, हा तो प्रश्न.

पहिली घटना शुक्रवार, ८ सप्टेंबर २००६ ची. त्या दिवशीं शब-ए-बारात होती. या पर्वकाळीं मुसलमान कुटुंबें आपल्या मृत आप्तांच्या कबरींवर जातात, दानधर्म करतात. त्यामुळें बडा कब्रस्तानाच्या आवारांत आणि तेथील हमीदिया मशिदीपाशीं नमाजास आलेल्यांची, मुलांची व भिक्षेकऱ्यांची दाटी झाली होती. दुपारची नमाज आटोपून लोक बाहेर पडत असतांच तेथें, आणि पाठोपाठ जवळच्या मुशावरत चौकांत, सायकलींवर ठेवलेले बाँब फुटले. सरकारी नोंदीप्रमाणें एकतीस जण दगावले व तीनशें बारा जखमी झाले. मृतांत लहान मुलें होतीं.

राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानें लवकरच नऊ मुसलमान तरुणांवर आरोप ठेवले. डिसेंबर २००६ मध्यें आरोपपत्र दाखल झालें, आणि त्याच सुमारास तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोंपविण्याचा निर्णयहि झाला. आरोपपत्र आधीं आणि नवा तपास मागाहून, हा क्रम थोडा नवलाचाच म्हटला पाहिजे. केंद्रीय विभागानें पुढें २०१० मध्यें जें पुरवणी आरोपपत्र दिलें, तें मुख्यतः पहिल्याच कथेवर शिक्का मारणारें होतें.

या कथेचा आधार काय होता? येथें कायद्याची एक बाब समजून घेतली पाहिजे. आपल्या देशांत पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाहीं. इंग्रजी अमदानींतल्या कायदेकर्त्यांनींहि पोलिसांच्या कोठडीवर इतका अविश्वास दाखविला होता. परंतु संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्रानें १९९९ मध्यें जो कायदा केला, ज्याला आपण 'मकोका' म्हणतों, त्यानें वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरविली. मालेगांवच्या खटल्यास हा कायदा लावण्यांत आला, आणि कबुलीजबाबांच्या पायावर इमारत उभी राहिली. आरोपींनीं ते जबाब नाकारले; माफीचा साक्षीदार झालेलाहि उलटला. शिवाय इमारतीच्या भिंतींना उघड भेगा होत्या. एक आरोपी स्फोटाच्या दिवशीं मुंबई पोलिसांच्याच ताब्यांत होता. दुसरा, ज्यानें बाँब ठेवल्याचा आरोप होता, तो त्या दिवशीं शेंकडों किलोमीटर दूर, यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी गांवीं नमाज पढवीत होता, असें तेथील लोकांचें सांगणें होतें. कोठडींतल्या माणसानें बाहेर कट कसा पार पाडला, अथवा एक मनुष्य एकाच दिवशीं मालेगांवांत आणि यवतमाळ जिल्ह्यांत कसा असेल, हे प्रश्न विचारण्यास कायद्याचा अभ्यास लागत नाहीं. साधा व्यवहार जाणणारा मनुष्यहि ते पहिल्या दिवशीं विचारील.

हा खटला असा रेंगाळत असतां दुसरा स्फोट झाला. २९ सप्टेंबर २००८ ची रात्र. रमजानचा महिना आणि नवरात्र उंबरठ्यावर. साडेनवाच्या सुमारास भिक्कू चौकांत, एका मालवाहतूक कंपनीसमोर, स्फोट झाला. सहा जण मेले, त्यांत एक लहान मुलगी होती. सुमारें शंभर जण जखमी झाले. त्याच रात्रीं गुजरातेंत, साबरकांठा जिल्ह्यांतील मोडासा येथें, तशाच प्रकारचा स्फोट होऊन एक जीव गेला. दोन राज्यें, एक रात्र. या दोन्ही घटना प्रथमपासून एकत्र ताडून पाहिल्या असत्या तर काय निघालें असतें, हा तर्कच आहे. परंतु पोलीस हा आपल्या घटनेप्रमाणें राज्यांचा विषय असल्यामुळें मोडासाचे कागद गुजरातेंत राहिले आणि मालेगांवचे महाराष्ट्रांत. पुढें दोन्ही गुन्हे केंद्राच्या एकाच यंत्रणेकडे गेले तेव्हां वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि मोडासाचा तपास पुराव्याअभावीं बंद करण्यांत आला.

मालेगांवीं मात्र हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालील पथकानें एक धागा धरला. घटनास्थळीं मोडून पडलेल्या मोटारसायकलीचे इंजिनाचे व सांगाड्याचे क्रमांक खरवडून टाकले होते. प्रयोगशाळेंत ते रसायनांनीं पुन्हां उमटविण्याचा यत्न झाला. त्यावरून वाहनाची नोंद सुरतेस निघते असें पथकानें म्हटलें, आणि तेथून ऑक्टोबर २००८ मध्यें प्रज्ञासिंह ठाकूर व नंतर लष्करी अधिकारी प्रसाद पुरोहित इत्यादींना अटक झाली. आरोपींना नाशिकच्या न्यायालयांत आणीत तेव्हां आवारांत लोटलेली गर्दी अनेक नाशिककरांच्या स्मरणांत असेल. आरोपींपैकीं कांहीं मध्य प्रदेशांतले, वाहन गुजरातेंतलें, मृत महाराष्ट्रांतले. राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा डिसेंबर २००८ मध्यें झाला. म्हणजे मालेगांवचे दोन्ही स्फोट झाले तेव्हां राज्यांच्या हद्दी ओलांडून अशा गुन्ह्याचा माग काढणारी ही यंत्रणा अस्तित्वांतच नव्हती. तो कायदा ज्या मुंबईवरील हल्ल्यामुळें झाला, त्याच हल्ल्यांत २६ नोव्हेंबरच्या रात्रीं करकरे मारले गेले. जानेवारी २००९ मध्यें पथकानें आरोपपत्र दिलें तें त्यांच्या पश्चात.

आतां पुन्हां पहिल्या खटल्याकडे येऊं. डिसेंबर २०१० मध्यें स्वामी असीमानंद यांनीं दिल्लींत दंडाधिकाऱ्यापुढें एक जबाब दिला आणि मालेगांवचा २००६ चा स्फोट आपल्या परिचयाच्या हिंदु मंडळींनीं घडविला असें सांगितलें. एप्रिल २०११ मध्यें दोन्ही खटले राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे आले. नोव्हेंबर २०११ मध्यें नऊ तरुणांना जामीन मिळाला. पांच वर्षें गेलीं होतीं. त्यांतील दोघे तरीहि आंतच राहिले, कारण मुंबईच्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यांतहि ते आरोपी होते. त्या खटल्यांतून मुंबई उच्च न्यायालयानें त्यांना निर्दोष ठरविलें तें २१ जुलै २०२५ रोजीं, आणि त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. मालेगांवच्या खटल्यांतून विशेष न्यायालयानें आठ जणांना २५ एप्रिल २०१६ रोजीं मुक्त केलें. नववा निर्णय ऐकण्यापूर्वींच मरण पावला होता. या तरुणांना पथकानें बळीचा बकरा केलें, आणि आपल्याच समाजाच्या लोकांना त्यांनीं अशा पवित्र दिवशीं मारावें हें संभवनीय दिसत नाहीं, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

मग खरा गुन्हेगार सांपडला काय? राष्ट्रीय यंत्रणेनें २०१३ मध्यें चार वेगळ्या माणसांवर आरोपपत्र दिलें. म्हणजे एकाच गुन्ह्यासाठीं, एकाच न्यायालयापुढें, सरकारच्याच निरनिराळ्या यंत्रणांनीं परस्परविरुद्ध दोन कथा मांडल्या. एक खरी असेल तर दुसरी समूळ खोटी असली पाहिजे. परंतु दुसऱ्या कथेचीहि गोम तीच होती. तिला चालना देणारे असीमानंद आपला जबाब फिरवून मोकळे झाले. पहिली कथा कबुलीवर उभी राहून कोसळली, आणि दुसरीचा उगमहि कबुलींतच! या चौघांना उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें जामीन दिला. स्फोटानंतरच्या पहिल्या एकोणीस वर्षांत २००६ च्या त्या एकतीस मृत्यूंसाठीं एकाहि मनुष्याचा अपराध सिद्ध झाला नाहीं.

दुसऱ्या खटल्याची वाट याहून वांकडी. २०१५ मध्यें विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, या खटल्यांत सौम्य धोरण ठेवावें असा निरोप राष्ट्रीय यंत्रणेच्या अधिकाऱ्याकडून आपणांस मिळाला. यंत्रणेनें तें नाकारलें. मे २०१६ मध्यें यंत्रणेनें प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह कांहींजणांविरुद्ध पुरेसा पुरावा नाहीं असें सांगून 'मकोका' वगळला. न्यायालयानें मात्र ठाकूर यांना खटल्यास तोंड द्यावयास लाविलें. त्याच वर्षीं दंडाधिकाऱ्यापुढें नोंदविलेल्या कांहीं साक्षीदारांचे मूळ जबाब न्यायालयाच्या दप्तरांतून गहाळ झाल्याचें उघड झालें. ठाकूर व पुरोहित यांना जामीन मिळाला तो २०१७ मध्यें, सुमारें नऊ वर्षें कारागृहांत काढल्यावर. आरोप निश्चित होण्यास २०१८ चा ऑक्टोबर उजाडला. तीनशेंहून अधिक साक्षीदार तपासले गेले. तिसांहून अधिक उलटले.

३१ जुलै २०२५ रोजीं विशेष न्यायालयानें सातहि आरोपींना निर्दोष सोडलें. या निकालावर ज्याला जें मत बनवावयाचें तें तो बनवो. परंतु न्यायालयानें दाखविलेल्या त्रुटी कोणत्याहि पक्षाच्या अभिमान्यानें स्वस्थपणें वाचाव्या अशा आहेत. स्फोट झाला हें सिद्ध झालें, पण बाँब त्या मोटारसायकलींतच होता हें सिद्ध झालें नाहीं. सांगाड्याचा क्रमांक पूर्ण उमटला नव्हता, म्हणून वाहनाची मालकी शाबीत होईना. घटनास्थळाचा नकाशा नीट काढला गेला नव्हता. स्फोटानंतर चौकांत जमाव खवळला, दगडफेक झाली, जागेस वेळीं अडसर घातला गेला नाहीं, आणि तेथून गोळा केलेले नमुने निर्भेळ राहिले असतील याची खात्री देतां येईना. ज्या धाग्यावर सारा दुसरा तपास लोंबकळत होता, तो असा पहिल्याच रात्रीं भिक्कू चौकांत कच्चा राहिला होता.

मला या साऱ्या प्रकरणांत सर्वांत खटकते ती पुढाऱ्यांची भाषणें नव्हेत, तीं होणारच. आपण सुशिक्षित मंडळींनीं काय केलें? आपणांपैकीं निम्म्यांना पहिल्या खटल्यांतील अटका ऐकतांच खात्री पटली आणि दुसऱ्यांतील ऐकतांच संताप आला. उरलेल्या निम्म्यांचें नेमकें उलट झालें. आरोपीचें नांव समजण्यापूर्वीं कोणीं पंचनामा कसा झाला हें विचारलें? नांव कळल्यावर तर तो प्रश्न विचारण्याची गरजच कोणास भासली नाहीं. पहिल्या खटल्यांत पांच वर्षें आणि दुसऱ्यांत नऊ, असे दोन्ही बाजूंचे लोक कोठडींत राहिले, आणि अखेर दोहोंकडे न्यायालयास जें सांपडलें नाहीं तें एकच होतें: हातांत धरून दाखवितां येईल असा पुरावा. कबुली माणूस मागें घेतो. सायकल कोणीं विकली, दारूगोळा कोठून आला, याची नीट नोंद केली तर ती मागें घेतां येत नाहीं.

निकालाच्या दिवशीं न्यायालयानें मृतांच्या वारसांस प्रत्येकीं दोन लाख रुपये व जखमींस पन्नास हजार रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००८ मध्यें मेलेल्यांच्या नातलगांपैकीं सहा जणांनीं त्यानंतर निकालाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत अपील केलें. त्यांना तेथवर पोंचण्यास मालेगांवाहून निघून नाशिकवरून जावें लागतें, त्याच आग्रा रस्त्यानें, उलट दिशेस.