ब्रह्मपुत्रेचा काठ आणि माणसांची गणती



लोकसंख्या आणि पर्यावरण हा विषय निघाला की चर्चा बहुधा माणसांच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आसामच्या भूमीने त्याहून कठीण प्रश्न विचारला आहे. जमीन दरवर्षी घटत असेल आणि माणसे वाढत असतील, तर राष्ट्राचे कर्तव्य कोणते?

१९०१ साली आजच्या आसामच्या सीमांत सुमारे ३३ लाख लोक राहत होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ३ कोटी १२ लाख झाली. म्हणजे भारताची लोकसंख्या सुमारे पाचपट झाली, त्या काळात आसामची साडेनऊ पट झाली. हा फरक केवळ जन्मदराचा नव्हे. चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी दूरदूरचे मजूर आणले. महसूल वाढावा म्हणून पूर्व बंगालमधील, विशेषतः मैमनसिंगकडील शेतकऱ्यांना नदीकाठच्या 'पडीक' जमिनींवर वसू दिले. दप्तरात पडीक ठरलेली ही भूमी वस्तुतः पुराचे पाणी पोटात घेणारी कुरणे आणि पाणथळी होती. स्थानिकांचा असंतोष वाढल्यावर १९२० मध्ये 'लाईन सिस्टीम' आली, पण चाळीसच्या दशकात 'अधिक धान्य पिकवा' या घोषणेखाली गायराने पुन्हा खुली झाली. पुढे फाळणी आणि १९७१ चे युद्ध यांनी निर्वासितांचे नवे लोंढे आणले.

निसर्गानेही घाव घातला. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर खचले, गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्र उचलले गेले आणि काठ कोसळू लागले. राज्याच्या जलसंपदा खात्याच्या हिशेबाने १९५० नंतर ४ लाख २७ हजार हेक्टर जमीन नदीने गिळली. आसामच्या क्षेत्रफळाच्या ती सात टक्क्यांहून अधिक आहे. शेत गेलेले कुटुंब आधी बांधावर येते, मग गायरानात किंवा जंगलात शिरते आणि सरकारी कागदात 'अतिक्रमक' ठरते.

गुंता नेमका इथे आहे. तशाच बांबूच्या झोपडीत बेघर झालेला भारतीय नागरिक असू शकतो, तसाच सीमा चोरून ओलांडलेला परदेशीही. चेहरा, भाषा वा उपासनापद्धती पाहून हा निवाडा होत नाही. तो कायद्यानेच व्हावा लागतो. १९८५ च्या आसाम करारातील मार्च १९७१ ची कालमर्यादा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वैध ठरविली. २०१९ च्या नागरिक नोंदणीत १९ लाखांहून अधिक अर्जदार वगळले गेले. निर्णय रेंगाळला तर खरा नागरिक अपमानित होतो आणि खरा घुसखोर निर्धास्त राहतो. दोहोंत हानी राष्ट्राचीच.

जन्मदराविषयीचा जुना समजही तपासला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा प्रजननदर २.० आणि आसामचा १.९ आढळला, लोकसंख्या स्थिर राखण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षा दोन्ही कमी. ही किमया शिकलेल्या मुलींची आणि जगलेल्या बालकांची आहे, सक्तीची नव्हे. उरलेली वाढ तरुणांच्या मोठ्या संख्येमुळे आहे. ती काही दशके चालेल.

काझीरंगाने मार्ग दाखविला आहे. १९६६ मध्ये तिथे ३६६ गेंडे मोजले गेले. २०२२ च्या गणनेत २,६१३ आढळले. पण पूर आला की या प्राण्यांना महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या टेकड्या गाठाव्या लागतात. त्या वाटा केवळ गरिबाच्या झोपडीने अडत नाहीत. हॉटेले, खाणी आणि सुखवस्तू प्रवाशांची वाहनेही त्या अडवितात. संयमाचा उपदेश सुस्थितांनाही लागू आहे.

म्हणून सीमेवर दक्षता हवी, नागरिकत्वाचा निवाडा त्वरित आणि न्याय्य हवा, नदीने बेघर केलेल्यांना हक्काची जमीन हवी, आणि पुराचा पट्टा नदीसाठी मोकळा हवा. यांतील एक जरी सुटले तरी इतर तिन्ही निष्फळ ठरतात. बेघर झालेल्याला जमीन मिळाली नाही तर तो जंगलात जाणारच. आणि सीमा सैल राहिली तर त्याला देण्यासाठी जमीनच उरणार नाही.