आश्विनाच्या उन्हांतील फुलें



आपल्या साहित्यांत शरद्‌ऋतूचें वर्णन बहुधा चांदण्याच्या अंगानें होतें. निरभ्र आकाश, कमळें आणि कोजागरीचें दूध यांची त्यांत रेलचेल असते. परंतु पालघरच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मनुष्यास शरदाची दुपारही ठाऊक असते. पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेललेली ही भूमि ऑक्टोबर महिन्यांत पाहतां पाहतां कोरडी होते. मोसमी वारे परतलेले असतात. सकाळभर जमिनीवरून मतलई वारा वाहत राहतो आणि समुद्रावरचा खारा वारा उशिरां येतो; तोंवर पारा कित्येकदां पस्तीस अंशांच्या वर गेलेला असतो. अशा दिवसांत रानफुलें पाहावयास बाहेर पडण्याविषयीं मी आज बोलणार आहें.

पुष्कळांस हा उद्योग अवेळींचा वाटेल. फुलें पाहावयाचीं तर श्रावण-भाद्रपदांत, असें ते म्हणतील. आणि डोंगरापुरतें तें खरेंही आहे. पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडींतून काळदुर्गाची वाट चढूं लागलें, कीं आश्विनांत तेरडा सरत आलेला दिसतो आणि वाळल्या गवताचीं कुसळें कपड्यांस चिकटतात. मागें राहतात तीं कुर्डूचीं रुपेरी-गुलाबी कणसें आणि वाटेच्या कडेची एकदांडी. कुर्डूचें कणीस हातीं घेतलें, तर तें कागदासारखें कुरकुरतें. त्यांत ओलावा मुळांतच थोडा, म्हणून ऊन त्याचें फारसें कांहीं हिरावून घेऊं शकत नाहीं.

डोंगरावर जें संपत आलेलें असतें, तें किनाऱ्यावर मात्र चालू असतें. केळवें गांवाच्या पश्चिमेस सुरूचें बन ओलांडून वाळूवर पाऊल ठेवलें, कीं आपण एका लहानशा वाळवंटांतच येतों. पाऊस कितीही पडो, वाळू पाणी धरून ठेवीत नाहीं. त्यांत वरून ऊन, खालीं तापलेली रेती आणि वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत आटाकामा नांवाचें अतिशय कोरडें वाळवंट आहे. तेथील बिया वर्षानुवर्षें जमिनींत निजून राहतात आणि क्वचित् चांगला पाऊस झाला, कीं कोसच्या कोस जमीन फुलून जाते. २०१५ सालीं असा मोठा बहर तेथें आला होता. आमच्या वाळूवरील वनस्पतींची रीत निराळी. त्या जाग्या राहून तग धरतात.

त्या पाहावयाच्या तर सकाळीं सातच्या सुमारास निघावें आणि नजर पायांपाशीं ठेवावी. सराट्याचें फूल नखाएवढें, पिवळें, पांच पाकळ्यांचें असतें. पुष्कळदां फुलाच्या आधीं त्याचा कांटाच चपलेंतून आपली ओळख करून देतो. मारुतीच्या माळेमुळें सर्वांच्या परिचयाची रुई आपल्या जाड, पांढरट पानांनिशीं उभी असते. मूळची मादागास्कर बेटावरची सदाफुली वाडीच्या कुंपणांतून निसटून रेतीवर सुखानें नांदते.

या सर्वांत मानाचें स्थान मी मर्यादवेलीस देईन. समुद्राची मर्यादा जेथें संपते, तेथें ही सुरू होते, म्हणून हिचें हें नांव. पान दुभागलेलें, थेट आपट्याच्या पानासारखें. दसऱ्याच्या दिवसांत तर मुलांस हें साम्य चटकन् उमगतें. फूल जांभळट गुलाबी, कण्यासारखें. तें सकाळीं उमलतें आणि दुपार कलण्यापूर्वीं मिटतें. उशिरां जाणाऱ्यास नुसतीं पानेंच दिसतात. वेल दहा मीटरांहूनही लांब पसरते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळें सोडते. तिचें बीं समुद्रावर तरंगत दूर जातें, म्हणून उष्ण प्रदेशांतील कितीतरी देशांच्या किनाऱ्यांवर हीच वेल आढळते.

तीं मुळें वाळू जागच्या जागीं धरून ठेवतात. उडत आलेली रेती वेलींत अडकते, वेल तिच्यावर पुन्हां पसरते आणि असा वाळूचा बांध हळूहळू उंच होतो. मोकळी वाळू काय करते, तें केळव्यांतच पाहावें. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून हा मुलूख घेतला. त्या काळच्या येथील भुईकोटाचा बराच भाग पुढें वाळूखालीं गाडला गेला आणि अलीकडे दुर्गप्रेमींनीं श्रमदान करून तो मोकळा केला. किल्ला उकरून काढतां येतो. पण किनाऱ्यामागच्या पानमळ्यांत आणि केळीच्या वाड्यांत रेती शिरली, विहिरीचें पाणी मचूळ झालें, तर तें श्रमदानानें गोड होत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं किनारा स्वच्छ करण्याच्या उत्साहांत कांहीं मंडळी प्लास्टिकाबरोबर ही वेलही ओढून काढतांना मीं पाहिली. हेतु चांगला होता, कष्टही मनापासूनचे होते. परंतु पुढच्या उन्हाळ्यांत तेथली वाळू उडून मागच्या वाडीच्या कुंपणाशीं ढीग झाला. ज्यांनीं वेल उपटली, त्यांस ती कचरा वाटली, कारण तिचें फूल त्यांनीं कधीं पाहिलेंच नव्हतें. सफाई उन्हें चढल्यावर सुरू झाली होती. केंद्र सरकारच्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें वाळूच्या टेकड्यांस अत्यंत संवेदनशील वर्गांत घातलें आहे. पण कायदा कागदावर असतो आणि फावडें हातांत असतें. ज्या हातांत फावडें आहे, त्याच्या डोळ्यांस वेलीची ओळख हवी.

म्हणून शिक्षकांस आणि पालकांस माझी विनंति आहे, कीं आश्विनांतील एक सकाळ मुलांसाठीं राखून ठेवा. बरोबर पाणी, टोपी आणि एक वही घ्या. फूल तोडूं नका. त्याचें चित्र काढा आणि तें किती वाजतां उमललें, किती वाजतां मिटलें, हें लिहून ठेवा. वाळूवर गाडी नेऊं नका. आणि गांवांत किनाऱ्याच्या सफाईचा दिवस ठरला, तर त्याच मुलांस पुढें ठेवा. काय उचलावयाचें आणि काय राहूं द्यावयाचें, हें तीं मोठ्यांस दाखवतील.