गिरणगावातील मंडळी

आमच्या सावरगावच्या शिवारात कापूस पिकतो. त्या कापसाच्या वाटेनेच माझे आजोबा तरुणपणी नागपूरला गेले आणि एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर लागले. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली ती गिरणी आता बंद पडली आहे, व आजोबाही राहिले नाहीत. परंतु त्यांची एक सवय मला आठवते. गावात नवे देऊळ उभे राहो की चर्च, ते आधी विचारीत, "वर्गणी कोणाची?" पैसा कोणाचा हे कळले की तिथे शब्द कोणाचा चालणार हेही कळते, असा त्यांचा अनुभव होता.

हाच प्रश्न मनात धरून आज मी आपणांस मुंबईच्या गिरणगावातील एका ख्रिस्ती मंडळीचा इतिहास सांगणार आहे. मी स्वतः कॅथलिक आहे. आमचे धर्मगुरू बिशप नेमतात. ज्या पंथाविषयी मी बोलणार आहे त्यात मात्र प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते आणि आपला कारभार स्वतः पाहते. इंग्लंडात १६६२ साली एकरूपतेचा कायदा झाला. राजाने मान्य केलेली प्रार्थनापद्धतीच सर्वांनी चालवावी, असा त्याचा आशय होता. ते न मानल्यामुळे सुमारे दोन हजार पाळकांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. राजमान्य चर्चशी एकरूप न होणारे म्हणून त्यांना 'नॉनकन्फॉर्मिस्ट' हे नाव पडले. आपण त्यांना स्वतंत्र मंडळीवाले म्हणू.

यांच्याच पूर्वसूरींपैकी काही लोक त्याआधी, १६२० साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले होते. तिथे त्यांचे बळ वाढले आणि पुढे त्यांचेच चर्च करांच्या पैशावर चालू लागले. तो सरकारी आधार १८३३ साली सुटला. राजाश्रयाला नकार देणाऱ्यांनाही राजाश्रय गोड लागतो, हे त्यांच्याच इतिहासात लिहिलेले आहे.

या लोकांनी १८१० साली स्थापिलेल्या अमेरिकन बोर्डाचे दोन तरुण पाळक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस आले. कंपनी सरकारला ते नको होते. कलकत्त्याहून त्यांना घालवून देण्याचे हुकूम निघाले होते. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू, म्हणून संशयही होता. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे लेखी विनवणी केली. शेवटी त्यांना राहू देण्यात आले. अशा रीतीने अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. १८२४ साली या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२६ साली गॉर्डन हॉल नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. त्यापुढे मिशनचे मोठे काम अहमदनगरकडे वाढले. तिथे १८४२ साली 'ज्ञानोदय' निघाले, आणि १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी माणसांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली.

त्याच १८५४ साली मुंबईत कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी उभारली. दोन वर्षांनी ताडदेवला चात्या फिरू लागल्या. पुढे भायखळा, परळ, लालबाग या भागांत धुराडी उभी राहिली आणि कोकण, सातारा, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे चाळींत येऊन दाटली. अमेरिकन मिशनचे भायखळ्याचे काम या वस्तीला लागूनच होते.

गिरणीत अस्पृश्य समाजाच्या माणसाला साचाखात्यात घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्याच्या ओठाचा धागा दुसऱ्याला चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे मांडला. अमेरिकन मराठी मिशनचा नियम असा होता की, प्रभुभोजनाच्या वेळी जातिभेद मानावयाचा नाही. माणूस म्हणून जे गिरणीत नाकारले जाई, ते या प्रार्थनामंदिरात नियमाने द्यावयाचे ठरले होते. माझ्या मते या मंडळीचे गिरणगावावरील पहिले ऋण ते हेच.

तथापि आजोबांचा प्रश्न उरतोच. सरकारचा पैसा नको, हे ठीक. पण पाळकाचे आणि उपदेशकाचे वेतन अमेरिकेहून येत होते त्याचे काय? हा प्रश्न मिशनमधीलच एका मराठी माणसाने आपल्या कृतीने विचारला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला, आणि तिथून त्यांच्या मनाचा प्रवास सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी बावीस वर्षे मिशनबरोबर काम केले आणि १९१७ साली मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे शिष्य व्हावयाला परक्या वहीत नाव असावे लागत नाही, असे त्यांना दाखवावयाचे होते. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. ज्यांनी राजाचे वेतन नाकारले होते त्यांच्या मिशनचे वेतन त्यांच्याच घरातील माणसाने नाकारले. मला यात बंडखोरी दिसत नाही. त्या पंथाचा मूळ धडाच टिळकांनी पुरता गिरवला.

यापुढचे पाऊल क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी टाकले. हे या मिशनचे अमेरिकन पाळक १९२५ साली मुंबईस आले. १९२७ साली त्यांच्या हातून 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उघडले. नागपाड्यात मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती एकमेकांना लागून राहत. तिथे वाचनालय, दवाखाना, व्याख्याने, मुलांचे खेळ सुरू झाले. नागपाड्यातील बास्केटबॉलचा वारसा या घराशी जोडलेला आहे. मॅन्शार्ट यांनी एक गोष्ट पक्की ठरविली होती: ही सेवा धर्मांतराचे आमिष म्हणून वापरावयाची नाही. औषध घेणाऱ्याने औषधाव्यतिरिक्त काही देणे लागत नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ साली त्याच नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले व मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ साली त्याचे नाव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले आणि १९५४ साली ते देवनारला गेले. ज्या टाटा घराण्याच्या गिरणीत माझ्या आजोबांचे आयुष्य गेले, त्याच घराण्याचा पैसा इथे गिरणगावाच्या शेजारी माणसांच्या अभ्यासासाठी लागला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यानंतर भोंगे एकेक करून गप्प झाले. मंडळीची वाट त्याआधीच बदलली होती. १९२४ साली स्वतंत्र मंडळीवाले व प्रेस्बिटेरियन एकत्र आले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, आणि त्यात इंग्लंडच्या राजमान्य चर्चची इथली शाखाही सामील झाली. १६६२ साली जे दोघे दूर झाले होते, त्यांचे इकडील वारस तीनशे आठ वर्षांनी आपल्या नागपुरात एका छपराखाली आले. दोघांच्याही मागे आता राजा उरला नव्हता.

श्रोतेहो, आपल्या गावांतही शाळा, वाचनालये, मंडळे, प्रार्थनागृहे उभी राहतात, आणि त्यांना कोणा ना कोणाचा आधार लागतोच. आधार घेण्यात पाप नाही. पण देणारा मोबदल्यात काय मागतो, आणि आपण ज्याला देतो त्याच्याकडून काय मागतो, हे दोन्ही हिशेब तपासून पाहावेत. यांतील दुसरा हिशेब अधिक अवघड. माझ्या आजोबांनी पहिला प्रश्न जन्मभर विचारला. दुसरा मला नागपाड्याच्या त्या घराने शिकविला.