प्रवेश परीक्षेचे बदलते नियम आणि खेड्यातला विद्यार्थी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०१६ सालच्या २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा, आणि तीही त्याच वर्षापासून, घेण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राची स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा त्या दिवशी अवघ्या सात दिवसांवर आली होती. राज्य मंडळाची पुस्तके प्रमाण मानून ज्यांनी अभ्यास केला, त्यांना एकाएकी सांगण्यात आले की प्रश्न केंद्रीय अभ्यासक्रमावर येतील, अकरावीचाही भाग धरला जाईल आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातील. ५ मेची राज्याची परीक्षा झाली. परंतु तिचा काही उपयोग होणार आहे की नाही, हे ती देणाऱ्यालाच ठाऊक नव्हते. २४ मे रोजी राष्ट्रपतींनी वटहुकमावर स्वाक्षरी केली आणि राज्याच्या कोट्यातील जागांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली. इतर जागांसाठी २४ जुलैची परीक्षा कायम राहिली.

आदेश आणि वटहुकूम यांच्यामधले हे सव्वीस दिवस कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. शहरातल्या शिकवणी वर्गांनी त्या सव्वीस दिवसांत 'क्रॅश कोर्स' उभे केले, जाहिराती दिल्या, शुल्क घेतले आणि वर्ग सुरूही केले. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकणारा मुलगा मात्र केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तके कुठे मिळतात, याच शोधात होता. कागदावर पाहिले तर आदेश दोघांना सारखाच लागू होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर नियमबदल हा एक कर आहे, आणि तो प्रतिगामी कर आहे. मिठावरचा कर श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच असतो, म्हणूनच तो गरिबाला अधिक जाचतो. परीक्षेचा आराखडा बदलला की जुनी पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका, थोरल्या भावाच्या वह्या, शेजारच्या मुलीचा अनुभव हे सारे भांडवल एका परिपत्रकाने बुडते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो नवे विकत घेतो. ज्याच्याजवळ थोरल्या भावाच्या वहीपलीकडे काही नव्हते, त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

हे एका वर्षाचे अपवादात्मक संकट होते असे कोणी म्हणेल, तर मागचापुढचा हिशेब पाहावा. २०१३ साली वैद्यकीय प्रवेश राष्ट्रीय परीक्षेवर झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली म्हणून २०१४ साली राज्याची परीक्षा परत आली, आणि २०१७ पासून ती वैद्यकीयसाठी पुन्हा गेली. अभियांत्रिकीची कथा निराळी नाही. २०१४ व २०१५ साली केंद्राच्या जेईई मेन परीक्षेच्या आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश झाले. २०१६ साली राज्याची सीईटी परत आली. २०१९ पासून ती संगणकावर आणि अनेक सत्रांत होऊ लागली. त्याच सुमारास राज्य मंडळाची पुस्तकेही बदलली, अकरावीची २०१९ साली व बारावीची २०२० साली. एकाच घरातल्या तीन भावंडांनी तीन निरनिराळ्या पद्धतींना तोंड दिले, अशी कुटुंबे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

अगदी अलीकडचा बदल तपशिलाने पाहण्याजोगा आहे. २०२१ ते २०२४ या काळात वैद्यकीय प्रवेशाच्या प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न असत व त्यांतले १८० सोडवायचे असत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या प्रत्येकाच्या दुसऱ्या विभागात पंधरांपैकी दहा निवडण्याची मुभा होती. २०२२ पासून वेळही २०० मिनिटे होता. २०२५ च्या जानेवारीअखेर जाहीर झाले की ही मुभा संपली. १८० प्रश्न, १८० मिनिटे, सारे अनिवार्य. परीक्षा ४ मे रोजी होती, म्हणजे हाती शंभर दिवसही नव्हते. प्रश्नामागे सहा-सात सेकंद कमी झाले, ही त्यातली लहान गोष्ट. ज्या मुलाच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पद वर्षभर रिकामे होते, त्याला त्या पाच वगळण्याजोग्या प्रश्नांचा आधार होता. तो गेला, ही मोठी गोष्ट. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा भाग कठीण निघाला. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, तर २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याला ६८६. दोन वर्षांच्या गुणांची तुलना करून मुलाला बोल लावणाऱ्या पालकांना एवढे दोन आकडे सांगितले तरी पुरे.

मग पक्षाच्या कार्यकर्त्याने काय करावे? 'परीक्षा रद्द करा' ही घोषणा सोपी आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असेही नाही. तमिळनाडूने २००७ साली प्रवेश परीक्षा बंद करून बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले व राष्ट्रीय परीक्षा लादली जाईपर्यंत ते धोरण चालवले. परंतु बारावीचे गुणही आकाशातून पडत नाहीत. तिथेही शिकवण्या होत्या. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करायची हा वाद होता. आणि घोषणा न्याय्य असली तरी येत्या मे महिन्यात परीक्षेला बसणाऱ्या मुलीला तिचा उपयोग नाही. लढा चालू ठेवायचा आणि मुलीला तयारही करायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. पहिल्या कामात भाषणे करता येतात म्हणून कार्यकर्ते तिकडे अधिक वळतात, हे मान्य केलेले बरे.

तयारी म्हणजे विषय शिकवणे, हे खरे. तथापि नियम शिकवणे हा तिचा स्वतंत्र भाग आहे आणि तो कोणत्याही कार्यकर्त्याला चार संध्याकाळी शिकवता येतो. एक उदाहरण पाहा. वैद्यकीयच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. खेड्यातल्या मुलांना बहुधा सांगितले जाते की खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या. हा सल्ला सावध वाटतो, पण गणिताने चुकीचा आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चार वेळांत सरासरी एकदा बरोबर येईल: चार गुण मिळतील, तीन जातील, म्हणजे एक गुण शिल्लक. एक पर्याय निश्चित चूक आहे एवढे कळले, तर उरलेल्या तिघांतून निवडताना तीन प्रश्नांमागे दोन गुण शिल्लक राहतात. दोन पर्याय गाळता आले, तर दोन प्रश्नांमागे तीन. महागड्या वर्गातल्या मुलाला हा हिशेब पहिल्या महिन्यात घोटून घेतला जातो. जिथे तो कोणी सांगत नाही तिथे मूल भीतीपोटी वीस प्रश्न कोरे सोडते आणि त्यालाच प्रामाणिकपणा समजते. राज्याच्या सीईटीत तर वजा गुणच नाहीत; तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे नुकसान.

तसाच गोंधळ पर्सेंटाइलचा. अनेक सत्रे, निरनिराळ्या प्रश्नपत्रिका, म्हणून गुणांऐवजी आपल्या सत्रातल्या शंभरांपैकी किती जण आपल्याबरोबर वा मागे आहेत हे मोजले जाते. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के गुण नव्हेत. या एका गैरसमजापायी पालक चुकीच्या महाविद्यालयांची नावे पसंतिक्रमात भरतात व फेऱ्यांमागून फेऱ्या वाया जातात.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. राष्ट्रीय परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते. तरी लाखोंच्या संख्येत मराठीतून देणारे अगदी थोडे असतात. त्याचा दोष मुलांच्या इंग्रजीच्या हौसेला देणे हा आळशीपणा होईल. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेले मूल अकरावीत पाऊल टाकते तेव्हा विज्ञान शाखा जवळजवळ सर्वत्र इंग्रजीत असते. 'प्रकाशसंश्लेषण' ज्याला उत्तम कळले होते त्याला 'फोटोसिंथेसिस' नव्याने भेटते, आणि दोन वर्षांतले पहिले सहा महिने शब्द ओळखण्यात जातात. शिक्षक-कार्यकर्त्यांनी दहावीच्या सुट्टीत दोन्ही भाषांतल्या संज्ञांची जोडयादी घेऊन महिनाभराचा वर्ग चालवला, तर त्याचे मोल कोणत्याही क्रॅश कोर्सहून अधिक ठरेल. त्यासाठी एका फळ्यापलीकडे खर्च नाही.

सरकारकडे मागायच्या गोष्टी निराळ्या. मागणी अशी हवी की आराखडा वा अभ्यासक्रम बदलायचा असेल तर तो अकरावीत प्रवेश घेणाऱ्या तुकडीला लागू व्हावा, वाटेत असलेल्या तुकडीला नव्हे. दोन वर्षांची पूर्वसूचना ही दया नव्हे, किमान सभ्यता आहे. दुसरी मागणी राखीव जागांची. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्यांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. महाराष्ट्रात तो कायदा जसाच्या तसा आणला तर फसेल, कारण इथली ग्रामीण माध्यमिक शाळा बहुधा खाजगी संस्थेची व अनुदानित असते. तेव्हा व्याख्या इथल्या वस्तुस्थितीला धरून करावी लागेल. प्रादेशिक न्यायाचा प्रश्न संघटित दबावाने सुटू शकतो, हे २०२० साली वैद्यकीय प्रवेशातला सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा रद्द झाला तेव्हा मराठवाड्याने पाहिले आहे. 'महाज्योती'सारख्या संस्था इतर मागास व भटक्या-विमुक्त मुलांना टॅब्लेट देऊन मोफत ऑनलाइन शिकवणी देतात, ही स्वागतार्ह गोष्ट. पण ज्या घरात एक खोली आणि सहा माणसे आहेत तिथे टॅब्लेटपेक्षा रात्री दहापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका अधिक उपयोगी, आणि ती ग्रामपंचायतीला उघडता येते.

शेवटी एक रुक्ष काम, जे शाखांनी याच महिन्यात हाती घ्यावे. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर न आल्यामुळे राखीव जागा हातची गेलेली मुले दर वर्षी भेटतात. पडताळणी समितीकडचा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. त्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जुन्या महसुली नोंदी शोधाव्या लागतात, आणि त्या शोधायला तहसील कचेरीत दोन-तीन खेपा घालणारे कोणी तरी लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाला त्या खेपा परवडत नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या अकरावीच्या विज्ञान शाखेतल्या मुलामुलींची यादी करावी, कोणाचा अर्ज गेला आहे नि कोणाचा नाही याची नोंद वहीत ठेवावी, आणि ज्यांचा गेलेला नाही त्यांच्या घरी दिवाळीआधी जाऊन यावे.