माती एकदाच खणता येते

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तुझ्या कामाविषयी बोल, पण लांबण लावू नकोस." मला वेळ जेवणाच्या आधीची दिली आहे, त्यामुळे लांबण लावली तर काय होईल हे मला ठाऊक आहे.

मी पुरातत्त्वात काम करतो हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. कालपासून निदान सहा जणांनी विचारलं, "काय रे, सोनंबिनं सापडलं का?" नाही सापडलं. आम्हाला सापडतात खापरं, हाडं, जळालेले दाणे आणि राख. पण या राखेतूनच गोष्ट कळते.

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाला पांढर. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली, की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती थरावर थर साचत जाते. गाव उठून गेलं तरी ती पांढुरकी माती मागे राहते आणि तिचं टेकाड होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असंच एक टेकाड आहे, इनामगावचं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं एक अख्खं गाव तिथे उलगडून दाखवलं. ही माणसं सातू पिकवत. लहान मूल गेलं, की त्याला दोन रांजणांत, रांजणांची तोंडं एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. आधी त्यांची घरं ऐसपैस आणि चौकोनी होती. शेवटच्या काळात, हवामान कोरडं होत गेल्यावर, लहानशा गोल झोपड्या आल्या. यातलं एक अक्षरही कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं मातीत होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. रसायनशास्त्राचा प्रयोग चुकला तर पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. थर वाचायचा तर तो काढावा लागतो, आणि काढलेला थर परत बसवता येत नाही. म्हणजे आम्ही जे वाचतो ते वाचता वाचताच संपवतो. मागे उरतात त्या नोंदी, नकाशे, फोटो आणि रेखाटनं. त्या हरवल्या, किंवा असूनही उघडता आल्या नाहीत, तर ते गाव दुसऱ्यांदा उठलं म्हणायचं.

असं खरंच होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी एका संस्थेत होतो. नाव सांगत नाही. तिथे एका जुन्या उत्खननाचे नकाशे महागड्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये केलेले होते. परवान्याचं नूतनीकरण थांबलं, पुढे कंपनीने ती आवृत्तीच बंद केली. सीडी कपाटात व्यवस्थित ठेवलेल्या होत्या, फायलीही होत्या, पण त्या उघडेना. तीन महिने आम्ही कागदावरच्या जुन्या प्रती शोधून नकाशे हाताने पुन्हा काढले. ज्यांच्या कागदी प्रती सापडल्या नाहीत, ते खड्डे आज कोणालाच नीट सांगता येत नाहीत. लोकांच्या पैशातून खणलेली माती एका कुलपात अडकली आणि किल्ली तिसऱ्याच्याच हातात राहिली.

तेव्हापासून मी मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरतो. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. फुकटची वस्तू देणारा उद्या परत मागू शकतो. मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरू शकतो, आतली रचना पाहू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो. हा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो.

उदाहरण देतो. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर आहे. गॅरी शर्मन या गृहस्थांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे जगभरच्या लोकांनी हात लावला आणि आज विद्यापीठांपासून ग्रामपंचायतीच्या आराखड्यांपर्यंत कुठेही ते वापरता येतं. नदी, उतार, विहिरी, जुनी टेकाडं असे थर त्यात एकावर एक ठेवता येतात. भांड्यांची रेखाटनं स्वच्छ करायला इंकस्केप आहे. एखाद्या वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून तिची त्रिमिती प्रतिकृती करायला मेशरूम आहे. मेशरूमला जरा तगडा संगणक लागतो, बाकीची कामं साध्या संगणकावर होतात. तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे. आणि नोंदी ठेवायच्या त्या साध्या, खुल्या प्रकारच्या फायलींत, म्हणजे वीस वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं तरी मजकूर वाचता येतो.

"पण हे शिकवणार कोण?" असं आपल्या भूगोलाच्या सरांनी मला काल विचारलं. सर, शिकवणीही मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं आणि ऐकत ऐकत स्वतः करायचं. यांतले कित्येक धडे मराठी आवाजात आहेत.

वाचायलाही भरपूर आहे. मराठी विश्वकोश कोणालाही मोफत वाचता येतो. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर्स इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९५३-५४ पासूनचे वार्षिक आढावे प्रसिद्ध करत आलं आहे, तेही उतरवून घेता येतात. त्यांत जिल्ह्यांप्रमाणे गावांची नावं आणि तिथे काय सापडलं याची एकेक ओळ असते. आपल्या पोरांनी त्यात आपला तालुका शोधावा. इतिहासाच्या पुस्तकात आपलं गाव नसतं, इथे असू शकतं.

आणखी एक गंमत सांगतो. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने कोरोना नावाच्या हेरगिरीच्या उपग्रहांतून जगभरचे फोटो काढले. ते फोटो १९९५ मध्ये खुले केले. काढले होते क्षेपणास्त्रांचे तळ शोधायला, पण आज पुरातत्त्ववाले त्यात टेकाडं शोधतात. सीरिया आणि तुर्कस्तानात युफ्रेटिसवर धरणं झाली, जमिनी सपाट झाल्या. तिथली बुडालेली, पुसली गेलेली टेकाडं या जुन्या फोटोंत दिसतात. कुलपातली वस्तू बाहेर आली, की तिचा उपयोग ज्याने काढली त्याच्या स्वप्नातही नसतो अशा कामाला होतो.

मात्र सगळंच चव्हाट्यावर मांडायचं असंही नाही. गुप्तधनाच्या नादाने रात्री खड्डे खणणारे लोक आपण पाहिले आहेत. म्हणून नोंद पूर्ण ठेवायची, पण एखाद्या असुरक्षित जागेचा नेमका ठावठिकाणा जाहीर करायचा नाही, तो जबाबदार खात्याकडे द्यायचा. आणि मुलांनी खणायचं तर अजिबात नाही. परवानगीशिवाय उत्खनन होत नाही. जमिनीत जुनी मौल्यवान वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हा कायदा १८७८ चा आहे आणि तो अजून लागू आहे. आपण करायचं ते पाहणं, मोजणं आणि नोंदवणं. तेवढंही पुष्कळ आहे.

आता आपल्या गावाकडे येतो. ओढ्यापलीकडचं पांढरीचं टेकाड तुम्हाला आठवतं. आपण शाळेत होतो तेव्हा ते शाळेच्या कौलांपेक्षा उंच होतं. ती माती धाब्याच्या घरांवर टाकायला जायची, शेतात खत म्हणून जायची, पण पाटीने आणि गाडीने. आता जेसीबीने आणि ट्रॉलीने जाते. परवा मी जाऊन पाहिलं. निम्म्याहून जास्त संपलं आहे. कापलेल्या कडेला राखेचे पट्टे आणि खापरं उघडी पडली आहेत. नेणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना ते खत आहे, आणि ते टेकाड काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. पण याच वेगाने गेलं तर आपल्या पुढच्या मेळाव्यापर्यंत तिथे सपाट शेत असेल.

खात्याला मी रीतसर पत्र दिलं आहे. पण पत्राचं उत्तर येईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, शाळेच्या संगणक कक्षात दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांचा वर्ग घेऊ. मी येतो. ही सगळी सॉफ्टवेअर मी पेनड्राइव्हवर आणीन आणि ती सगळ्यांना वाटायला परवानगी आहे. बाहेर नोकरीला असलेल्यांनी कार्यालयातून बाद झालेले, पण चालू असलेले दोन-तीन संगणक मिळवून दिले तर फार बरं.

दुसरी, मारुतीच्या देवळामागे पडलेले वीरगळ आणि सतीशिळा यांची नोंद नववीच्या मुलांनी करावी. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवायची. वीरगळावर खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा असते. मुलं एकदा हे बघायला शिकली, की त्या दगडावर कोणी कपडे धुणार नाही आणि ऑइलपेंटही फासणार नाही.

तिसरी विनंती तुम्हालाच. आपलं सहावीचं वनभोजन त्या टेकाडावर झालं होतं. त्याचे, गावच्या जत्रेचे, लग्नाच्या वरातीचे जुने फोटो तुमच्या घरच्या अल्बममध्ये असतील. फोटोत आपण असू, पण मागे टेकाड असेल, त्याच्या बाजूला पिंपळ असेल, पाण्याची टाकी असेल. पिंपळ आणि टाकी जागेवरच आहेत. त्यांच्या आधाराने टेकाड कुठवर होतं, किती उंच होतं, हे मला नकाशावर बसवता येईल. आज त्या टेकाडाच्या पूर्ण आकाराची एकही नोंद कोणत्या कार्यालयात मला सापडलेली नाही. ती कुठे असेल तर तुमच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली आहे.

फोटो देताना मागे साल आणि नावं लिहा. मूळ फोटो तुम्हाला परत मिळेल. प्रत शाळेत राहील आणि ती कोणालाही पाहता येईल, घेता येईल. आपल्या बाईंनी आपल्याला वह्या झाकून लिहायची सवय कधी लागू दिली नाही, "दाखव त्याला, तुझं काय कमी होतंय?" म्हणायच्या. मी एवढंच म्हणतो आहे.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत. अल्बम शोधायला आज रात्रीच सुरुवात करा.