बत्तीस किलोमीटरांची प्रदक्षिणा

प्रशांत महासागरांतील रारोटोंगा बेटाभोंवतीं फिरणारा रस्ता अवघा ३२ किलोमीटरांचा आहे. भाड्याच्या मोपेडवरून न्यूझीलंडचें एक वृद्ध दांपत्य सकाळीं आवारुआहून निघालें, तें तासाभरांत पुन्हां आवारुआसच पोंचलें! "पाहून झालें बेट," पति म्हणाला. पत्नीला तें पटेना. मग दोघें डोंगराकडील आरा मेतुआ या पुरातन वाटेला लागलीं. तेथें अळवाचीं खाचरें होतीं आणि घरांच्या अंगणांतच थडगीं. त्या देशांत जमीन विकतां येत नाहीं. ती घराण्याकडेच राहते. "येथलीं माणसें मेल्यावरहि घरींच असतात," पत्नी म्हणाली. त्यांचा मुलगा दूर परदेशीं पुरलेला होता. पतीनें मुकाट्यानें मोपेड थांबविली. सूर्यास्तापर्यंत तीं दोघें त्या वाटेच्या कडेला बसून होतीं. दुसरी प्रदक्षिणा अपुरीच राहिली. बेट मात्र तेव्हां पाहून झालें.